अंगावरचा तीळ : केव्हा दुर्लक्ष करावे, केव्हा दाखवावे

मनुष्याच्या अंगावर तीळ असणे ही अत्यंत सामान्य गोष्ट होय. प्रौढ व्यक्तीच्या शरीरावर दहा ते चाळीस तीळ सहज आढळतात. त्यांपैकी बहुतेक बालपणात व तारुण्यात उत्पन्न होतात आणि जन्मभर निरुपद्रवी राहतात. सामुद्रिकात तिळाच्या स्थानावरून शुभाशुभ फल सांगण्याची परंपरा आहे. परंतु आरोग्याच्या दृष्टीने तीळ कोठे आहे यापेक्षा तो बदलत आहे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. क्वचित प्रसंगी असा बदलणारा तीळ हे मेलॅनोमा नामक त्वचेच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह असते. हा रोग आपल्या देशात विरळा आहे. पण वेळीच ओळखला तर लहानशा शस्त्रक्रियेने बरा होणारा आणि उशीर झाल्यास प्राणघातक ठरणारा असा तो आहे. म्हणूनच त्यासंबंधीची माहिती गावोगावी पोहोचणे आवश्यक आहे.

पवारांच्या राजवटीबरोबर अठराव्या शतकात माळव्यात गेलेली मराठी कुटुंबे आजही धार व देवास येथे राहतात. त्यांचे आप्त पुण्या-मुंबईस असतात. त्यामुळे एखादी शंका आली, तर 'पुण्यास जाऊ तेव्हा दाखवू' असे म्हणून महिनोन्महिने थांबण्याची प्रवृत्ती अशा कुटुंबांत होऊ शकते. खेड्यातील शेतकरी व मजूर यांच्या बाबतीत हंगामाची कामे आड येतात. कारणे भिन्न असली तरी परिणाम एकच, तो म्हणजे विलंब.

तीळ म्हणजे काय?

आपल्या त्वचेत मेलॅनीन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या रंजकपेशी असतात. या पेशी एके ठिकाणी गोळा झाल्या म्हणजे तीळ दिसू लागतो. याच पेशींची अनिर्बंध वाढ होऊ लागली की मेलॅनोमा होतो. सावळ्या त्वचेतील विपुल रंगद्रव्य सूर्यकिरणांपासून बऱ्याच अंशी संरक्षण करते. यास्तव गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे हा रोग पुष्कळच कमी होतो. मात्र तो होतो तेव्हा बहुधा उन्हाचा संबंध नसलेल्या जागी होतो. तळपाय, तळहात व नखांखालची त्वचा या त्या जागा होत. जमैकाचे विख्यात गायक बॉब मार्ली यांना हा रोग पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९७७ मध्ये त्याचे निदान झाले आणि १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ग्रामीण भागात अनवाणी चालणे, काटा मोडणे, ठेच लागणे या नित्याच्या गोष्टी आहेत. त्यामुळे तळपायावरील काळा डाग हा कुरूप, मोडलेला काटा किंवा साकळलेले रक्त समजला जाण्याचा संभव मोठा असतो. येथेच फसगत होते.

संशयास्पद तिळाची लक्षणे

न्यूयॉर्क विद्यापीठातील तज्ज्ञांनी १९८५ मध्ये तीळ तपासण्याच्या चार सोप्या खुणा सांगितल्या व २००४ मध्ये त्यांत पाचवीची भर पडली. त्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. आकार : तिळाच्या मधोमध रेषा कल्पिली असता दोन्ही भाग सारखे नसणे.
२. कडा : कडा वेड्यावाकड्या, दातेरी किंवा पुसट असणे.
३. रंग : एकाच तिळात काळा, तपकिरी, तांबूस, निळसर अशा अनेक छटा असणे.
४. व्यास : रुंदी सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीपेक्षा, अधिक असणे.
५. बदल : काही आठवड्यांत वा महिन्यांत आकार, रंग किंवा उंची बदलणे, खाज सुटणे, रक्त येणे, चिघळणे.

या पाचांत शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची मानावी. चाळिशीनंतर नव्याने उद्भवून वाढत जाणारा तीळही दाखवून घ्यावा. जन्मतःच मोठा काळा डाग असलेल्या बालकास एकदा डॉक्टरांकडून तपासून घेणे इष्ट होय.

नखाच्या बाबतीत एक साधी परीक्षा घरीही करता येते. ठेच लागून साकळलेले रक्त नखाच्या वाढीबरोबर हळूहळू पुढे सरकते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, तर पायाचे त्याच्या निम्म्याने. डाग पुढे सरकत नसेल, काळी रेघ रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर पसरत असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे.

त्वचेवरील इतर खुणा

प्रत्येक डाग म्हणजे मेलॅनोमा नव्हे. त्वचेवर फिकट वा तांबूस चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. या रोगावरील औषधे शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळतात आणि सहा महिने ते एक वर्षाच्या उपचाराने तो बरा होतो.

सतत घासल्या जाणाऱ्या जागेवरील जखमेकडेही लक्ष द्यावे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये, धोतर कमरेशी घट्ट आवळल्याने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाकडे वैद्यकजगताचे लक्ष वेधले. लुगडे किंवा परकराची नाडी एकाच जागी वर्षानुवर्षे काचत राहिल्यानेही असे घडू शकते. २०२४ मध्ये वर्धा व मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांच्या अशाच व्रणांची नोंद प्रसिद्ध केली. नाडी सैल बांधावी, तिची जागा बदलत राहावी आणि कमरेवरचा व्रण बरा होत नसल्यास तपासून घ्यावा. भाजल्याच्या जुन्या वणावर उद्भवलेल्या व्रणासही हाच नियम लागू आहे.

काय करू नये?

तीळ किंवा मस घालविण्यासाठी बिब्बा लावणे, चुना व सोडा यांचा लेप देणे, दोरा किंवा केस बांधणे, ब्लेडने कापणे, डाम देणे हे उपाय सर्वथा टाळावेत. त्यांनी वरचा भाग नष्ट होतो, पण खाली रोग असल्यास तो तसाच वाढत राहतो. शिवाय डॉक्टरांना ज्यावरून निदान करावयाचे, ते चिन्हच नाहीसे होते.

तपासणी कशी होते?

प्रथम डॉक्टर डोळ्यांनी व डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने तीळ पाहतात. पुष्कळ वेळा येथेच शंकेचे निरसन होते व रुग्ण निश्चिंत मनाने घरी जातो. शंका उरल्यास जागा बधिर करून तो तीळ थोड्याशा भोवतालच्या त्वचेसह काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली त्याची परीक्षा करतात. यास बायॉप्सी अथवा जीवोतक परीक्षा म्हणतात. 'हत्यार लागले की रोग पसरतो' ही समजूत निराधार आहे. या परीक्षेने मेलॅनोमा पसरत नाही. काढलेला तीळ कितीही लहान असो, तो परीक्षेसाठी पाठविला गेला ना, हे रुग्णाने अवश्य विचारावे आणि त्याचा लेखी अहवाल जपून ठेवावा.

अलेक्झांडर ब्रेस्लो या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवून दिले, की मेलॅनोमा त्वचेत किती मिलिमीटर खोल गेला आहे यावरून रुग्णाचे भवितव्य पुष्कळसे ठरते. खोली १ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास बहुसंख्य रुग्ण केवळ शस्त्रक्रियेने बरे होतात. रोग लसिकाग्रंथींत व पुढे फुप्फुस, यकृत, मेंदू येथे पोहोचल्यावर उपचार दीर्घ, खर्चिक व अनिश्चित होतात. गेल्या काही वर्षांत शरीराची प्रतिकारशक्ती जागृत करणारी नवी औषधे उपलब्ध झाली असली, तरी लवकर निदानाची बरोबरी त्यांना करता येत नाही.

कोठे जावे?

पहिल्या तपासणीसाठी मुंबई गाठण्याची आवश्यकता नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र व तेथून धार किंवा देवास येथील जिल्हा रुग्णालय हा योग्य क्रम होय. पुढील तपासणीसाठी इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय जवळ आहे. धारहून ते सुमारे ६५ किलोमीटर, तर देवासहून त्याहून पुष्कळ कमी अंतरावर आहे. पात्र कुटुंबांना २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेखाली रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ज्यांनी अद्याप कार्ड काढले नसेल त्यांनी ते काढून घ्यावे.

रोगाचे नाव उच्चारण्याची भीती हा उपचारातील मोठा अडथळा असतो. क्षयरोगाविषयी एके काळी अशीच भीती होती. पं. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने ग्रस्त होऊन देवास येथे आले. त्या काळी नव्याने आलेले स्ट्रेप्टोमायसीन, दीर्घ विश्रांती व पत्नी भानुमती यांची शुश्रूषा यांच्या बळावर ते बरे होऊन पुन्हा गाऊ लागले, हे देवासकरांना सांगावयास नको.

शिक्षक व कार्यकर्त्यांचे कर्तव्य

तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी होणाऱ्या शासकीय कर्करोग तपासणीत मुख, स्तन व गर्भाशयमुख यांवर भर असतो. त्वचेची तपासणी आपण होऊन मागावी लागते. याकरिता आशा व अंगणवाडी कार्यकर्त्यांनी घरभेटीच्या वेळी वृद्धांच्या तळपायांची व नखांची विचारपूस करावी. शिक्षकांनी वरील पाच खुणा वर्गात फळ्यावर लिहून द्याव्यात, म्हणजे मुले त्या घरी सांगतील. ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावरही त्या लावता येतील. प्रत्येकाने महिन्यातून एकदा, स्नानाच्या वेळी, आपले तळपाय, बोटांच्या बेचक्या व नखे पाहावीत; पाठ घरातील व्यक्तीकडून पाहून घ्यावी. बदल दिसला तर तारीख लिहून ठेवावी आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.