वृद्धपरिचारक, जपानमधील

जपानमधील वृद्धपरिचारक : वार्धक्यामुळे परावलंबी झालेल्या व्यक्तींना स्नान, भोजन, मलमूत्रविसर्जन, वस्त्रे बदलणे, कूस पालटणे इ. दैनंदिन व्यवहारांत प्रत्यक्ष साहाय्य करणारा सवेतन सेवकवर्ग. या कामास जपानी भाषेत ‘काइगो’ म्हणतात. परिचारिकेच्या शुश्रूषेहून ते कायद्याने वेगळे मानले आहे. व्यवहारात ही सीमारेषा सर्वत्र टिकत नाही. म्हणूनच कफ शोषून काढणे व नळीवाटे अन्न देणे ही कामे विशिष्ट प्रशिक्षणानंतर करण्याची मुभा या सेवकांना २०१२ पासून देण्यात आली.

पूर्वी हा भार बहुधा घरातील सुनेवर पडे आणि तो काम म्हणून गणलाच जात नसे. आरियोशी सावाको यांच्या १९७२ मधील कोकोत्सु नो हितो  या कादंबरीत स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याला सांभाळणाऱ्या सुनेचे चित्रण आहे. नागानो प्रांतात १९५६ मध्ये गृहसाहाय्यिका पाठविण्याची योजना सुरू झाली व १९६३ च्या वृद्धकल्याण कायद्याने तिला आधार मिळाला. तथापि तिचा लाभ दीर्घकाळ मुख्यतः गरीब कुटुंबांपुरताच राहिला. लोकसंख्येतील ६५ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण १९७० मध्ये सु. ७ टक्के होते, ते १९९४ मध्ये १४ टक्के झाले व आता सु. २९ टक्के आहे. १९८७ च्या कायद्याने ‘काइगो फुकुशिशी’ ही राष्ट्रीय पात्रता निर्माण केली. मात्र संरक्षण मिळाले ते पदनामाला, कामाला नव्हे. ही पात्रता नसलेल्यांनाही ते काम करता येते. हा कुशल व्यवसाय की घरकामाचाच विस्तार, या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर असे अर्धेच राहिले.

एप्रिल २००० पासून परिचर्या-विमा लागू झाला. चाळिशीपासून प्रत्येकाला वर्गणी द्यावी लागते; गरजेच्या सात श्रेणी असून लाभार्थी सामान्यतः खर्चाचा दहावा हिस्सा देतो. सेवेचे दर शासन ठरविते व दर तीन वर्षांनी ते बदलते. मनुष्यबळाच्या तुटवड्यात इतर उद्योग किंमत वाढवून वेतन वाढवू शकतात. येथे तो मार्ग बंद आहे. परिणामी वेतन इतर व्यवसायांच्या सरासरीहून कमी राहिले. घरोघरी जाणाऱ्या सेविकांची स्थिती अधिक कठीण आहे. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ कामाचाच असूनही अनेक ठिकाणी त्याचा मोबदला मिळत नाही, या कारणावरून तीन सेविकांनी २०१९ मध्ये शासनाविरुद्ध दावा लावला. २०२४ च्या फेरआढाव्यात नेमके गृहभेट-सेवेचेच मूळ दर घटविण्यात आले, हे अनाकलनीय वाटते.

कंबरदुखी हा या व्यवसायाचा ठरलेला विकार होय. माणसाला केवळ हातांनी उचलू नये, असे शासकीय मार्गदर्शन २०१३ मध्ये झाले. परंतु उत्थापक यंत्राला वेळ लागतो, आणि यंत्र वापरणे म्हणजे आपुलकीत उणेपणा, ही समजूतही आड येते.

शासकीय अंदाजानुसार २०२२ मध्ये असे सेवक सु. २१.५ लाख होते. २०४० मध्ये सु. २७.२ लाख लागतील. इंडोनेशिया (२००८), फिलिपीन्स (२००९) व व्हिएटनाम (२०१४) येथून करारान्वये उमेदवार येऊ लागले. २०१९ मध्ये निवासाचा आणखी एक परवाना सुरू झाला. या करारांखालील उमेदवारांना राष्ट्रीय परीक्षा जपानी भाषेतूनच द्यावी लागते. शय्याव्रणाची रोज काळजी घेणाऱ्यांनाही त्यासाठीचा चित्रलिपीतील शब्द वाचता येईना, तेव्हा अशा शब्दांवर उच्चारदर्शक अक्षरे छापण्याची व परीक्षेस अधिक वेळ देण्याची सवलत ठेवावी लागली.