टोळांना न रुचणारा कडुनिंब

कमी पावसाच्या रखरखीत मुलखात जी थोडी झाडे उन्हाळ्यातही हिरवी राहतात, त्यांत कडुनिंब प्रमुख होय. १९५९ साली सुदानात वाळवंटी टोळांची धाड आली, तेव्हा इतर झाडाझुडपांचा फडशा पडला; कडुनिंबाचा पाला मात्र शाबूत राहिला. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या मगजाचे पाणी पिकांवर फवारले. टोळ त्या पिकांवर उतरले, परंतु त्यांनी पाने खाल्ली नाहीत.

याचे कारण निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हे कडू द्रव्य होय. त्यामुळे अनेक किडींचे खाणे थांबते. ते पोटात गेल्यास पिल्लांना नीट कात टाकता येत नाही व त्यांची वाढ खुंटते. कीड तत्काळ मरत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. फवारणीनंतर किडी जिवंत दिसल्या म्हणजे अर्क निकामी ठरला, असा समज करून घेऊ नये. मेलेल्या किडी न मोजता नव्याने खाल्लेली पाने मोजावीत.

अर्क करण्याची रीत

पिकून पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन काढून सावलीत वाळवाव्यात. बुरशी आलेल्या निंबोळ्या घेऊ नयेत. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवाव्यात. २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात निराळा भिजवावा. सकाळी निंबोळीचे पाणी ढवळून दुपदरी फडक्यातून गाळावे, त्यात साबणाचे पाणी घालावे आणि एकूण मिश्रण १०० लिटर करावे. हा ५ टक्के अर्क होय.

कडक उन्हाने अर्काचा गुण जातो. म्हणून तो त्याच दिवशी, उन्हे उतरल्यावर फवारावा. पाने दोन्ही बाजूंनी भिजवावीत. पावसाने अर्क धुऊन गेल्यास पुन्हा फवारावा. कीड माजण्यापूर्वी फवारणी केल्यासच खरा लाभ होतो.

मे २०२० मध्ये टोळधाड विदर्भात अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांपर्यंत पोहोचली होती. अशी धाड दिसताच कृषी खात्यास तातडीने कळवावे. केवळ अर्कावर विसंबू नये. तथापि बांधावरील कडुनिंबाच्या निंबोळ्या वेळीच वेचून ठेवल्या, तर संकटसमयी पीक राखण्याचे एक साधन शेतकऱ्याच्या घरीच तयार राहील.