मार्ककृत शुभवर्तमानाचा शेवट : पाठचिकित्सा आणि श्रद्धा

धर्मग्रंथाची पाठचिकित्सा म्हणजे श्रद्धेवर घाला, असा समज सर्वच धर्मांच्या अनुयायांत थोडाबहुत आढळतो. बायबलाच्या अभ्यासांतील एक प्रसिद्ध उदाहरण घेऊन हा समज कितपत खरा आहे, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

नव्या करारांतील मार्ककृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या, म्हणजे सोळाव्या, अध्यायांत रूढ छापील प्रतींप्रमाणें वीस वचनें आहेत. येशूच्या कबरेपाशीं गेलेल्या स्त्रियांस ती रिकामी आढळते. तो उठला आहे व शिष्यांच्या पुढें गालीलांत जात आहे, असा निरोप त्यांस मिळतो. आणि त्या भयभीत होऊन, कोणास कांहीं न सांगतां, पळून जातात. येथें आठवें वचन संपतें. पुढील बारा वचनांत येशूचीं दर्शनें, शिष्यांस आज्ञा व स्वर्गारोहण हीं येतात. हीं बारा वचनें मार्काचीं काय, हा प्रश्न.

प्रथम पोथ्यांचा पुरावा पाहूं. चौथ्या शतकांतील दोन ग्रीक चर्मपत्री पोथ्या येथें प्रमुख होत. एक टिशेनडॉर्फ या जर्मन पंडितास सीनाय पर्वताच्या पायथ्याच्या मठांत आढळली. तिचीं कांहीं पानें त्यास १८४४ सालीं व बराच मोठा भाग १८५९ सालीं पाहावयास मिळाला. दुसरी व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत आहे. दोहोंतही शुभवर्तमान आठव्या वचनाशींच थांबतें. आपल्या काळच्या बहुतेक ग्रीक प्रतींत पुढील वचनें नाहींत, असें जेरोमनेंही नमूद केलें आहे. अंतर्गत पुरावाही तसाच आहे. पहिल्या वचनांत आलेल्या मग्दालीया मरीयेची ओळख नवव्या वचनांत नव्यानें करून दिली आहे. शब्दयोजनाही निराळी आहे.

उलटपक्षीं, उत्तरकालीन बहुसंख्य पोथ्यांत हीं वचनें आहेत, आणि इ. स. १८० च्या सुमारास आयरेनियसनें त्यांतील एक मार्काचें म्हणून उद्धृत केलें आहे. यास्तव तीं प्राचीन खरीं, परंतु शेवट अपुरा वाटल्यामुळें दुसऱ्या कोणीं तरी जोडिलेलीं, असा बहुतेक पंडितांचा निर्णय आहे. कांहीं प्रतींत याहून निराळा, लहानसा शेवट आढळतो, त्यावरूनही या निर्णयास पुष्टि मिळते.

यांत श्रद्धेची हानि ती कोणती? पुनरुत्थानाची साक्ष सहाव्या वचनांत आहेच. मार्काच्या पूर्वीं लिहिलेल्या, करिंथकरांस पाठविलेल्या पौलाच्या पहिल्या पत्रांतही ती आहे. हानि झाली ती चिकित्सेच्या अभावीं. विश्वास धरणारे सर्प उचलतील, असें अठरावें वचन सांगतें. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ प्रदेशांतील कांहीं मंडळ्यांनीं तें आज्ञारूप मानून उपासनेंत विषारी सर्प हातीं घेतले. या प्रथेचा प्रमुख प्रसारक जॉर्ज हेन्स्ली १९५५ सालीं सर्पदंशानेंच मरण पावला. त्याच्या निष्ठेविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण जें वचन प्राण मागतें तें कोणाचें, हें विचारणें निष्ठेचेंच अंग होय.

शिष्यत्वाच्या दृष्टीनें तर लाभच आहे. मार्काच्या ग्रंथांत शिष्य वारंवार गैरसमज करून घेतात, येशूस धरतांना सर्व पळतात, पेत्र त्यास नाकारतो. शेवटीं स्त्रियाही पळतात. तथापि कबरेपाशींच्या निरोपांत पेत्राचें नांव मुद्दाम घेतलें आहे. ज्या गालीलांत शिष्यांस प्रथम बोलावणें आलें, तेथेंच त्यांस पुन्हां बोलाविलें आहे. चुकलेल्यास परत येण्यास वाट आहे, हा अर्थ आठव्या वचनाशीं थांबल्यानें अधिक ठळक होतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं आरंभिलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. तींत प्रक्षिप्त श्लोक टाकून न देतां टीपांत व परिशिष्टांत जतन केले आहेत. बायबलाच्या अनेक आवृत्तींतही हीं बारा वचनें कंसांत किंवा टीपेसह राखिलीं आहेत. ग्रंथाविषयींचा आदर आणि सत्याविषयींचा आग्रह हीं दोन्ही अशा रीतीनें एकत्र नांदूं शकतात, असें आम्हांस वाटतें.