भायखळ्यातला चार गाईंचा गोठा

भायखळा स्टेशनजवळच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कुणीतरी ‘गाय हजार वेळा चालवून बघतंय’, एवढं कानावर आलं आणि ते पाहायला जायचं ठरलं. दार उघडताच नाकात शिरला तो मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, आंबूस वास. मुंबईतले तबेले 1949पासून आरेला हलवले जाऊ लागले. चाळीत गोठ्याचा वास यायचं तसं कारण नव्हतं. पण हा खटाटोप करणाऱ्याकडे संगमनेर तालुक्यातून त्याचे मामा आले होते आणि भाच्याच्या सांगण्यावरून त्यांनी पिशवीभर मुरघास आणला होता. एसटीत शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

भाचा एका कंपनीत आकडेमोडीचं काम करतो. त्यानं स्वयंपाकघरातल्या काट्यावर 100 ग्रॅम मुरघास मोजला, मायक्रोवेव्हमध्ये ठेवला, काढला, परत मोजला. वजन उतरायचं थांबेपर्यंत हेच चाललं. भाच्याच्या बायकोनं काही न बोलता खिडकी उघडली. शेवटी काटा 31वर थांबला.

“मामा, तुम्ही 20 किलो टाकता, त्यात खरा चारा सहा किलोच. बाकी पाणी.”

“पाण्याचे बी पैसे मोजले की रे मी!” मामा म्हणाले.

लॅपटॉपवर मामांचा गोठा मांडलेला होता. चार संकरित गाई, प्रत्येकीचं वेत, चाऱ्याचा खर्च, दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार. व्यायल्यावर दूध दीड-दोन महिने चढतं, मग उतरत जातं. गाय माजावर आली का, माज कुणाला दिसला का, रेतन केलं तर गाभण राहिली की उलटली, हे संगणक दिवसागणिक फासे टाकून ठरवतो. तीन वर्षं अशी संपली की परत पहिल्या दिवसापासून. असं हजार वेळा. हेच ते सिम्युलेशन. जर्मनीतल्या कील शहरातली आयएफसीएन ही संस्था देशोदेशीचे नमुना गोठे घेऊन असे पुढच्या वर्षांचे हिशेब मांडते. आपल्याकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं गावातल्याच माणसाला शिकवून, कोणत्या जनावराला काय नि किती घालावं हे संगणकावरून सांगायची सोय केली. त्यात उत्तर एकच मिळतं. इथं हजार मिळतात, आणि त्यांतली वाईट उत्तरंच जास्त कामाची.

मामांना फाशांचं कौतुक नव्हतं. “एक माज हुकला की 21 दिवस गेले,” एवढंच ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “21 दिवस.” त्यांच्या वहीप्रमाणे भाकड गाय रोज दीडशे रुपये खाते. म्हणजे हुकलेला एक माज 3,150 रुपयांना पडतो. चार गाईंचे दोन-दोन हुकले तर 25,200. भाच्यानं हा आकडा मोठ्यानं वाचला तेव्हा मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

एक गोष्ट मात्र त्यांनाही नवी होती. चारही गाई एकाच सुमाराला भाकड झाल्या की दोन-तीन महिने पगार जवळजवळ बंद, आणि पेंडवाल्याची उधारी त्याच काळात चढते. पडद्यावर तो खड्डा लाल रंगात दिसत होता. वर्षाचा नफा-तोटा मांडला तर तो दिसतच नाही. गाई वेगवेगळ्या महिन्यांत विणाऱ्या असल्या की तो बराचसा बुजतो. हे मामांच्या हातातलं आहे.

भाव मात्र नाही. 2023च्या जुलैत सरकारनं गाईच्या दुधाला, 3.5 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) असलेल्या दुधासाठी, लिटरला किमान 34 रुपये ठरवले. वर्ष सरता-सरता बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्याच्या हाती 27 पडत होते. पुढे 5 रुपयांचं अनुदान आलं. 2024च्या जुलैत अकोले तालुक्यातल्या कोतूळला 40 रुपयांच्या मागणीसाठी धरणं धरलं गेलं. भाच्यानं आधी 34 घातले: बहुतेक खेपांना गोठा तगला. मग 27 घातले. माज एकही न हुकवता, मुरघास मोजून घालूनही, लाल खड्डे तीन वर्षं बुजेनात.

“मग हे मशीन मला सांगून काय उपेग? त्यान्ला सांग,” मामा म्हणाले.

मामांचं म्हणणं बरोबर आहे. लहान गोठेवाल्याला ‘व्यावसायिक व्हा’ असा उपदेश करणं सोपं असतं. त्यानं गोठा कितीही नेटका ठेवला तरी 27च्या भावात तो बुडतो, हे संगणकावर दाखवणं अडचणीचं असतं. त्यासाठी लागणारी माहिती नाही असंही नाही. 2024च्या अनुदानासाठी जनावरांच्या कानातले 12 आकडी बिल्ले ऑनलाइन नोंदवून झाले आहेत, आणि दहा-दहा दिवसांची बिलं संघांकडे वर्षानुवर्षं पडून आहेत. तेव्हा दूध संघांनी आणि दुग्धविकास खात्यानं पुढचा दर जाहीर करण्याआधी तो चार गाईंच्या गोठ्यावर चालवून बघावा, आणि जे निघेल ते संकलन केंद्राच्या फळ्यावर लिहावं.