एका पातेल्यातली वाटणी

पोळी, भाजी, वरण, भात आणि ताटाच्या डाव्या बाजूला कोशिंबीर. या चौरस जेवणाचं कौतुक आपण भरभरून करतो. त्यामागची भांडी मात्र कुणी मोजत नाही. कणकेची परात, पोळपाट, तवा, कुकर, त्यातले डबे, कढई, फोडणीचं कढलं. शिवाय कशाच्या मागे काय करायचं, हे सगळं एकीच्याच डोक्यात. असा स्वयंपाक दुसऱ्याच्या हाती सोपवायचा तरी कसा? घरची माणसं फार तर कांदा चिरून देतात आणि मदत केल्याच्या समाधानात टीव्हीसमोर जाऊन बसतात.

2022 साली माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत झाली आणि घरी पोहोचायला रात्रीचे साडेआठ वाजू लागले. आठवड्यातून एक दिवस तरी पुरतं सोपवता येईल असं जेवण मला हवं होतं. बुधवार हा आमच्याकडे सामिष खाण्याचा वार. त्या दिवसासाठी सापडला तो खिम्याचा पास्ता. एकच पातेलं, एकच शेगडी आणि तासाभराचं काम.

मांसाच्या अशा रश्श्याचं नावाजलेलं गाव म्हणजे इटलीतलं बोलोन्या. तिथे त्याला 'रागू' म्हणतात. इटलीच्या पाककला अकादमीनं त्याची कृती 1982 साली बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली आणि 2023 साली ती सुधारून पुन्हा नोंदवली. बारीक केलेलं मांस, कांदा, गाजर, सेलरी, टोमॅटो, वाइन आणि चक्क दूध! हे सारं मंद आचेवर तासन् तास शिजतं. ते खायचं चपट्या फितीसारख्या 'ताल्यातेल्ले'बरोबर. जगभर गाजलेली 'स्पॅगेटी बोलोनीज' खुद्द बोलोन्याची मंडळी आपली मानत नाहीत. तेव्हा आपला पातेल्यातला पास्ता म्हणजे या घराण्याचा फार तर लांबचा भाचा!

पाच माणसांसाठी 300 ग्रॅम मटणाचा खिमा, 300 ग्रॅम आखूड नळ्यांचा पास्ता, दोन कांदे, एक गाजर, सहा लसूण पाकळ्या आणि चार टोमॅटो घ्यावेत. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात कांदा, गाजर, लसूण तेलावर मऊ करून खिमा घालावा. त्याचं सुटलेलं पाणी आटून तो तळाशी चरचरू लागेपर्यंत घाई करू नये. खरी चव तिथेच तयार होते. मग टोमॅटो, मीठ, मिरपूड आणि वाटीभर पाणी घालून झाकण ठेवावं. वीस-पंचवीस मिनिटांनी खिमा शिजला की कोरडा पास्ता आणि सुमारे पाऊण लिटर उकळतं पाणी घालावं. दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळलं, की दहा-बारा मिनिटांत पास्ता होतो. गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवावा.

एरवी पास्ता भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देतात. त्याबरोबर गव्हाचं पिष्टही मोरीत जातं. इथे ते पातेल्यातच राहतं आणि रस्सा आपोआप दाट होतो. पुड्यावर 'ड्युरम' गहू लिहिलेला पास्ता घ्यावा. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. मैद्याचा पास्ता असा शिजवला तर गिचका होतो.

पहिल्या बुधवारी सासूबाईंनी चमचा खाली ठेवून निकाल दिला, "अगं, ही तर खिम्यातली वरणफळं!" त्यांचं अगदी खरं होतं. उकळत्या वरणात कणकेचे तुकडे सोडणाऱ्या आपल्या आज्यांना हे पिष्टाचं गणित केव्हाच ठाऊक होतं.

पण माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट वेगळीच होती. हा स्वयंपाक तुकड्यातुकड्यांनी नव्हे, तर अख्खा दुसऱ्याला देता येतो. खिमा आणण्यापासून पातेलं घासून पालथं घालण्यापर्यंत. आमच्याकडे बुधवार आता हे आणि दोन्ही मुलं मिळून सांभाळतात. सुरुवातीला मला लोकलमध्ये फोन यायचे. "आई, मीठ किती?" "अगं, पाणी कमी वाटतंय, घालू का?" हात त्यांचे, पण स्वयंपाक अजून माझ्याच डोक्यात शिजत होता. मदत आणि जबाबदारी यांतला फरक हाच. मदत करणारा विचारतो; जबाबदारी घेणारा चाखून ठरवतो.

हळूहळू फोन थांबले. खरं सांगायचं तर पहिल्यांदा चुकल्यासारखं झालं. आपल्यावाचून घर अडतं, याचंही एक सुख असतं. ते सोडणं जड जातं. पण ते सोडल्याशिवाय वाटणी होत नाही.

गेल्या बुधवारी गाजर नव्हतं, म्हणून लेकीनं लाल भोपळा किसून घातला होता. मला कुणी विचारलं नव्हतं. थोडा गोडसर लागत होता. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला.