आरोग्यसेवकांचे स्वसंरक्षण आणि बडोद्याची व्यायामपरंपरा

होमिओपॅथीच्या डॉक्टरने साखरेच्या गोळ्यांविषयी बोलावे, लाठी-कुस्तीविषयी नव्हे, असे कोणास वाटले तर नवल नाही. पण हा विषय घेण्यास कारण आहे. आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतील पुष्कळ मुले-मुली आज नर्सिंग, बी.एच.एम.एस., एम.बी.बी.एस. करून रुग्णालयांत रात्रपाळी करतात. काही जण रुग्णवाहिकेवर जातात. मुलगी डबा घेऊन रात्री आठला बाहेर पडते, आणि ती सकाळी परत येईपर्यंत आईची झोप लागत नाही. ही काळजी वाऱ्यावरची नाही.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने मारले. अपघातातील जखमीच्या डोक्याला मार होता, मेंदूचे शल्यविशारद तेथे नव्हते, म्हणून रुग्णाला दुसरीकडे न्या, एवढेच त्याने सांगितले होते. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. मे २०२३ मध्ये केरळात कोट्टारक्करा येथे, पोलिसांनी मलमपट्टीसाठी आणलेल्या माणसाने तेथलीच कात्री उचलून एका तरुण डॉक्टर मुलीचा जीव घेतला. ऑगस्ट २०२४ मधील कलकत्त्याची घटना तर सर्वांना ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, ८ ते ३८ टक्के आरोग्यसेवकांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते.

धुळ्याच्या घटनेनंतर त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधील निवासी डॉक्टरांनी मार्शल आर्ट्सचे वर्ग घ्यायचे ठरवले. पुष्कळांना तेव्हा हसू आले. ज्याने नाडी धरायची त्याने ठोसे मारायला शिकायचे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र परदेशात शोधायची गरज नाही. आपल्याच गावात ते शंभर-दीडशे वर्षांपासून आहे.

मल्ल आणि हाडवैद्य

खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात बडोदे कुस्तीसाठी नावाजलेले होते. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने १८६० नंतरच्या दशकात येथे हातात नखांसारखे हत्यार बांधून चाललेली झुंज पाहिली आणि तिचे वर्णन लिहून ठेवले. वाचताना अंगावर काटा येतो. वज्रमुष्टीची ही विद्या जेठी, म्हणजे ज्येष्ठीमल्ल, या समाजाकडे होती. त्यांचा 'मल्लपुराण' हा संस्कृत ग्रंथ आपल्या प्राच्यविद्या मंदिराने १९६४ साली गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये प्रसिद्ध केला. भोगीलाल सांडेसरा आणि रमणलाल मेहता हे त्याचे संपादक. हेच जेठी हाडे बसवण्यातही तरबेज होते. रिंगणात सांधा निखळवणारा हात रिंगणाबाहेर तोच सांधा जागेवर बसवीत असे.

पुढे जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्यात हीच जोडी दिसते. मुसलमान उस्तादाची गादी मराठी शिष्याने चालवली आणि व्यायाम मंदिराला गुरूचेच नाव राहिले, हे आपल्या शहराचे भूषण आहे. माणिकराव व्यायामाचे आचार्य तसेच अस्थिसंधानाचे जाणकार होते. कसरतीला येणारे आणि मोडलेला हात घेऊन येणारे, दोघेही त्यांच्याकडे येत. पुराणी बंधूंनी गुजरातभर व्यायामशाळांची चळवळ नेली, तिच्यामागेही माणिकरावांची प्रेरणा होती. याच शहरात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. आपल्यापैकी काहींच्या माळ्यावर त्यातला एखादा सुटा खंड अजून असेल. असल्यास तो रद्दीत देऊ नका.

या परंपरेत दोन विद्या आपल्या विषयाच्या अगदी जवळच्या आहेत. एक बिनोट, म्हणजे हाती शस्त्र किंवा आडोसा नसताना, फार तर साध्या काठीवर किंवा रुमालावर, शस्त्रधारी माणसाला तोंड देण्याची कला. दुसरी बंदेश. समोरच्याला ठार न करता त्याचे हत्यार निष्प्रभ करायचे, हे तिचे सूत्र. दवाखान्यातील माणसाला याहून वेगळे काय हवे आहे?

जपानातही हेच दिसते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुजुत्सूतील घातक भाग वगळून ज्यूदो उभा केला. तेथे हाडे बसवणाऱ्यांचा परवानाधारक व्यवसाय आहे आणि त्याच्या अधिकृत नावात 'ज्यूदो' हा शब्द आजही आहे.

समोर कोण आहे?

आखाड्यात समोर प्रतिस्पर्धी असतो. रुग्णालयात अंगावर येणारा माणूस तीन प्रकारचा असू शकतो, आणि तो कोणता हे ओळखणे हाच पहिला डाव.

पहिला प्रकार रुग्णाचा. मधुमेह्याची साखर फार खाली गेली की शांत माणूसही शिव्या देतो, हात उगारतो. ग्लुकोज मिळाले की काही मिनिटांत तो भानावर येतो, आणि पुष्कळदा आपण काय केले ते त्याला आठवतही नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडणे, फेफऱ्याच्या झटक्यानंतरची गुंगी, डोक्याचा मार, म्हाताऱ्या माणसाला तापात होणारा भ्रम, दारू एकाएकी सुटल्यावरची थरथर, या सर्वांत तेच घडते. हा हल्ला नव्हे, लक्षण आहे. येथे धरायचे ते सांभाळण्यासाठी. म्हणून चित्रपटात दिसणारी गळ्याची पकड येथे पूर्ण वर्ज्य. रुग्णाला पालथे पाडून पाठीवर गुडघा देणे तर त्याहून धोक्याचे. श्वासासाठी छाती आणि पोट हलावे लागते. पाठीवर वजन आले की ते हलत नाही, आणि तडफडणाऱ्या माणसाला आपण 'अजून जोर करतोय' असे समजून अधिक दाबतो. अशाने माणसे दगावली आहेत. धरायचे तर चार-पाच जणांनी, प्रत्येकाने एक अवयव, सांध्यावर न दाबता. शक्य तितक्या लवकर कुशीवर वळवायचे. आणि एकाने फक्त श्वासाकडे आणि चेहऱ्याकडे पाहायचे.

दुसरा प्रकार नातलगाचा. तो भ्यालेला असतो. कोणी काही सांगत नाही, खाट मिळत नाही, आणि मग वाईट बातमी व्हरांड्यात उभ्या उभ्या कानावर पडते. येथे पहिले शस्त्र जीभ. नाव विचारणे, 'बेसो भाई, हुं समजावुं छुं' एवढे त्याच्या भाषेत म्हणणे, आवाज त्याच्यापेक्षा खाली ठेवणे, दर थोड्या वेळाने एकाच जबाबदार माणसाने एकाच नातलगाला स्थिती सांगणे. मृत्यूची बातमी बसवून, स्पष्ट शब्दांत आणि दुसरा सहकारी सोबत ठेवून द्यावी. चाळीस वर्षांच्या व्यवसायात मी पाहिले आहे की माणूस दुःखाने जितका पेटत नाही, तितका उत्तर न मिळाल्याने पेटतो.

तिसरा प्रकार खऱ्या हल्लेखोराचा. त्याच्यापुढे चर्चा नाही. तेथून निघायचे आणि मदत बोलवायची.

शिकायचे काय?

रुग्णवाहिकेच्या प्रशिक्षणात पहिला धडा असतो तो जागा सुरक्षित आहे का हे पाहण्याचा. गुजरातमध्ये १०८ची सेवा २९ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. गाडीवर तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला एक कर्मचारी आणि चालक, असे दोघेच असतात. समोर भांडण चालू असेल तर पोलीस येईपर्यंत थोडे दूर थांबणे हा भित्रेपणा नव्हे. कारण तो कर्मचारीच जखमी झाला तर रुग्ण दोन होतात आणि उपचार करणारा कोणीच राहत नाही.

दुसरा धडा उभे राहण्याचा. आपल्या तालमीत याला पवित्रा म्हणतात. समोरच्यापासून दोन हातांचे अंतर, शरीर किंचित तिरपे, एक पाऊल मागे, तळवे उघडे आणि छातीच्या उंचीवर. पाहणाऱ्याला ही समजूत घालण्याची मुद्रा वाटते, पण ठोसा आला तर हात आधीच जागेवर असतात. दार नेहमी आपल्या बाजूला ठेवावे. खोलीच्या कोपऱ्यात रुग्णाच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडू नये. त्याचबरोबर हल्लेखोराचीही वाट अडवू नये, कारण कोंडलेला माणूस अधिक त्वेषाने येतो.

तिसरा धडा अंगावरच्या वस्तूंचा. गळ्यातला स्टेथोस्कोप आणि ओळखपत्राची दोरी हा तयार फास आहे. स्टेथोस्कोप खिशात ठेवावा, दोरी ओढताच सुटणारी घ्यावी. ओढणी आणि मोकळी वेणी बांधून घ्यावी. कात्री आणि सुया काम झाले की ट्रेसहित उचलाव्यात. कोट्टारक्कराची कात्री विसरू नये.

चौथा धडा सुटकेचा, आणि तो वाचून येत नाही, सरावानेच येतो. कोणी मनगट धरले तर पकडीतील सर्वांत कच्ची जागा म्हणजे त्याचा अंगठा आणि बोटे जेथे मिळतात ती. मनगट त्या दिशेने वळवून कोपरासकट झटक्यात ओढावे. केस धरले तर मागे ओढू नये. दोन्ही हातांनी त्याचा हात आपल्या डोक्यावर घट्ट दाबावा, म्हणजे केस ताणले जात नाहीत, आणि मग त्याच्याच दिशेने सरकत वाकून सुटावे. भ्रमातील रुग्णाने चावा घेतला तर हात ओढल्यास मांस फाटते. तोंडाकडे ढकलल्यास जबडा सैल पडतो. असे पाच-सहा प्रकार पुरेत. एकवीस डाव येणाऱ्यापेक्षा पाच डाव अंगात मुरलेला माणूस संकटात बरा, कारण भीतीने हृदय धडधडू लागले की बोटांची नाजूक हालचाल आधी जाते. आठवड्यातून एकदा तासभर, जोडीदार बदलून सराव केला तरच त्या वेळी हात चालतो.

अहिंसा आणि कायदा

मी जैन आहे, म्हणून मला हटकून विचारतात की हे तुमच्या धर्मात कसे बसते. पाठशाळेत आम्हाला हिंसेचे चार प्रकार शिकवतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सोडलीच पाहिजे. स्वतःचे किंवा आश्रिताचे रक्षण करताना जी घडते ती विरोधी. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, मात्र ती गरजेपलीकडे जाऊ नये. देशाचा कायदाही याच वाटेने जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येणार नाही, ही मर्यादाही आहे. हात सुटला की डाव संपला. सुटल्यावर मारलेला ठोसा स्वसंरक्षणात बसत नाही.

प्रशिक्षण ही ढाल, सबब नव्हे

या सर्वांत एक धोका मला दिसतो. उद्या एखाद्या मुलीवर हल्ला झाला तर 'तू वर्गाला का गेली नाहीस?' असे तिलाच विचारले जाईल. कराट्याचा वर्ग काढणे स्वस्त आहे. दोन पहारेकरी, दिवे आणि पुरेसे कर्मचारी ठेवणे महाग आहे. महाराष्ट्राने २०१० मध्ये आणि गुजरातने २०१२ मध्ये वैद्यकीय सेवकांवरील हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदे केले. पण कायदा हल्ल्यानंतर येतो, आणि डाव हल्ला चालू असताना. हल्ला होऊच नये यासाठी जे करायचे ते व्यवस्थापनाचे काम आहे, मुलीचे नव्हे.

आपल्याकडून दोन गोष्टी होण्यासारख्या आहेत. आपल्या जुन्या व्यायामशाळांचे उस्ताद आणि नर्सिंग कॉलेजांचे शिक्षक एकत्र बसले तर वर वर्णिलेला अभ्यासक्रम महिनाभरात तयार होईल: सुटकेचे डाव उस्तादांनी शिकवावेत, कोणती पकड श्वास कोंडते ते डॉक्टरांनी सांगावे. आणि घरातील मूल नव्या नोकरीवर रुजू होण्याआधी आईवडिलांनी पगाराबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत. रात्री वॉर्डात किती जण असतात? पहारेकरी कोणत्या दाराशी बसतो? धोक्याची घंटा कुठे आहे आणि ती वाजल्यावर कोण धावून येते? ड्यूटीरूमच्या दाराला आतून कडी आहे का?