डिझेलचा फरक कुणाच्या खिशातून?

डिझेल महागले की वाहनवाल्याचे नुकसान आणि स्वस्त झाले की फायदा, असा सरळ हिशेब आपण धरून चालतो. त्यातली पहिली बाजू खरी आहे. दुसरी बहुतेक वेळा खोटी ठरते. गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या टोकाला, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाला लागून असलेल्या इब्रामपूरसारख्या गावाच्या बाजूने हा प्रश्न पाहिला तर हे अधिक स्पष्ट दिसते. डिझेलवर पोट असलेली सगळ्या तऱ्हेची माणसे या टापूत आहेत. डिचोलीच्या खाणींच्या भरवशावर कर्ज काढून टिपर घेतलेले ट्रकमालक आहेत, मोपाच्या विमानतळावर भाड्याची वाट पाहणारे टॅक्सीवाले आहेत, चिरे नि खडी पोचवणारे टेम्पोवाले आहेत, खासगी बसमालक आहेत, आणि यांपैकी कुणाच्या तरी पगारावर गाडी चालवणारे ड्रायव्हर आहेत. या सगळ्यांची मिळकत डिझेलच्या दरावर अवलंबून असतेच. पण त्याहून जास्त ती भाडे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, यावर अवलंबून असते, असे माझे म्हणणे आहे.

आधी एक साधे गणित मांडू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. एक टिपर दिवसाला १०० किलोमीटर धावतो आणि लिटरला ४ किलोमीटरचे ॲव्हरेज देतो, म्हणजे रोज २५ लिटर डिझेल लागते. दर ८० रुपये असताना २,००० रुपये पंपावर जातात. दिवसभराच्या खेपांचे ४,५०० रुपये मिळाले आणि बँकेचा हप्ता, टायर, विमा, ड्रायव्हरचा पगार यांचा रोजचा वाटा १,५०० रुपये धरला, तर मालकाच्या हाती १,००० रुपये उरतात. आता डिझेल ९० रुपये झाले. पंपाचा खर्च साडेबारा टक्क्यांनी वाढून २,२५० झाला, पण हाती उरले ७५०. म्हणजे डिझेल आठवा हिस्सा महागले आणि मिळकत चौथ्या हिश्श्याने घटली. हप्ता, विमा, टायर हे खर्च कमी करता येत नाहीत. कात्री लागते ती शिल्लक रकमेलाच. ‘दहाच रुपये तर वाढले’ असे म्हणणाऱ्याच्या ध्यानात ही गोष्ट येत नाही. मोटारीने कामावर जाणाऱ्याला ते दहा रुपये खर्चात दिसतात, ट्रकवाल्याला ते पोटात दिसतात.

हेच गणित उलट चालवले तर डिझेल दहा रुपयांनी उतरल्यावर मालकाच्या हाती १,२५० रुपये यायला हवेत. कागदावर येतातही. प्रत्यक्षात मात्र हा उतार त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच वाटेत कुणीतरी अडवून ठेवतो. बऱ्याचदा अडवणारे सरकारच असते. डिझेलची किंमत सरकारी नियंत्रणातून ऑक्टोबर २०१४ मध्ये पूर्ण मोकळी झाली. त्याआधी जानेवारी २०१३ पासून ती महिन्याला सुमारे ५० पैशांनी चढवत आणली होती. सुदैव असे की नियंत्रण उठले तेव्हा जगात कच्चे तेल कोसळत होते. २०१४ च्या मध्याला पिंपामागे ११० डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्याही खाली गेला. पण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले आणि उताराचा मोठा भाग तिजोरीत गेला. २०२० मध्ये तेच पुन्हा घडले. टाळेबंदीत कच्चे तेल २० डॉलरपर्यंत घसरले आणि मे महिन्याच्या सुरुवातीला डिझेलवरचे शुल्क एका फटक्यात लिटरमागे १३ रुपयांनी वाढले. एप्रिल २०२५ मध्येही शुल्क २ रुपयांनी वाढले. पंपावरचा दर तेवढाच राहिला, म्हणजे होऊ शकणारी घट तेवढी झाली नाही. बाजारभाव म्हणायचे तर तो चढताना बाजाराचा असतो, उतरताना सरकारचा.

दुसरे कारण याहून खोल आहे, आणि डिचोलीच्या ट्रकवाल्यांना ते फार महागात पडले. कच्चे तेल स्वस्त होते तेव्हा अनेकदा जगभराची मागणीच थंडावलेली असते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नव्या तेलामुळे पुरवठा वाढला होता हे खरे, पण चीनची भूकही मंदावली होती. त्याच मंदीत खनिज लोखंडाचा भाव कोसळून डिसेंबर २०१५ मध्ये टनाला ४० डॉलरच्या खाली आला. गोव्याचे खनिज मुख्यतः निर्यातीचे. येथे खाणी सप्टेंबर २०१२ मध्ये बंद पडल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली आणि काम हळूहळू सुरू झाले ते नेमके या पडत्या भावात. डिझेल उतरले होते, पण खेपाच कमी होत्या आणि त्या मिळवायला उभे असलेले ट्रक जास्त होते. २०२० मध्ये तर रस्तेच रिकामे होते. स्वस्त डिझेल आणि उभा ट्रक हे बरेचदा एकाच मंदीतून येतात. मालवाहतूक पुन्हा जोर धरते तेव्हा तेलही वर चढलेले असते. मुंबईत नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला डिझेल १०६ रुपयांपलीकडे गेले, ते टाळेबंदी सरून कामधंदा पूर्वपदावर येत असतानाच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग राज्यांनी आपला कर कमी करावा, म्हणजे प्रश्न मिटला. गोव्याने हा प्रयोग केलेला आहे. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि पेट्रोल सुमारे ११ रुपयांनी उतरले. शेजारच्या जिल्ह्यांतून टाक्या भरायला लोक आले. पण ती सवलत पेट्रोलची होती. स्कूटरवाला खूश झाला, टिपरवाल्याला त्यातून काही मिळाले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने डिझेलवरचे शुल्क १० रुपयांनी उतरवले, गोवा सरकारने व्हॅटमध्ये आणखी ७ रुपयांची कपात केली आणि डिझेल एकदम १७ रुपयांनी खाली आले. महाराष्ट्राने त्या वेळी आपला कर सोडला नाही. जुलै २०२२ मध्ये ३ रुपये कमी केले. त्या महिन्यांत दोडामार्गच्या गाडीवाल्याने सीमा ओलांडून टाकी फुल्ल करणे हा उघड शहाणपणा होता. पण तारखा पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये गोव्याची निवडणूक होती. जून २०२४ मध्ये, लोकसभेचे निकाल लागून गेल्यावर, गोव्यातला व्हॅट पुन्हा थोडा वाढला. कर हे राज्याचे उत्पन्न आहे. ते गरजेनुसार आणि मतदानानुसार वरखाली होणारच. ट्रकचा हप्ता मात्र पाच वर्षे न चुकता भरायचा असतो. करसवलतीने दिलासा मिळतो हे नाकारण्यात अर्थ नाही, पण तिच्या भरवशावर धंद्याचा हिशेब बांधता येत नाही. शिवाय डिझेल अजूनही जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे त्यावर भरलेल्या कराची वजावट मोठ्या वाहतूक कंपनीलाही मिळत नाही, मग एका टेम्पोच्या मालकाची काय कथा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एप्रिल २०२२ नंतर बराच काळ पंपावरचे दर जवळपास गोठलेले होते. मे २०२२ ची शुल्ककपात आणि मार्च २०२४ ची २ रुपयांची घट सोडली तर त्या काळात फारसे काही हलले नाही. हे स्थैर्य वाहनवाल्याच्या हिताचे नव्हते काय? काही अंशी होते. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे कच्चे तेल ११० डॉलरच्या पलीकडे गेले होते, तेव्हा सरकारी तेल कंपन्यांनी तोटा सोसला आणि चालकांना खरोखर संरक्षण मिळाले. पण पुढे तेल उतरल्यावर पंपावरचा दर उतरला नाही, आणि २०२३-२४ या वर्षात तीन सरकारी कंपन्यांचा मिळून नफा ८० हजार कोटींच्या वर गेला. कंपन्या म्हणतील, आम्ही आधीचा तोटा भरून काढला. ते रास्तही आहे. पण मग हा विमा झाला आणि त्याचा हप्ता वाहनवाल्याने भरला. फरक एवढाच, की किती हप्ता भरला नि किती भरपाई मिळाली, हे त्याला कुणी सांगत नाही. आणि गोठवलेला दर सुटतो तेव्हा काय होते तेही दिसलेले आहे. पाच राज्यांच्या निवडणुका आटोपल्यावर २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या पंधरवड्यात चौदा वेळा थोडी थोडी वाढ होऊन डिझेल १० रुपयांनी चढले. रोजच्या दरबदलाची पद्धत जून २०१७ पासून आली आहे. ८० पैशांसाठी कुणी भाडे वाढवून मागत नाही, संपही करत नाही. मागण्याची वेळ येते तोवर दहा रुपये स्वतःच्या खिशातून गेलेले असतात.

‘भाडे वाढवतातच की’, असे प्रवाशाला नेहमी वाटते. कोण वाढवतो ते पाहू. बसचे तिकीट सरकार ठरवते. महाराष्ट्रात एसटीची भाडेवाढ जून २०१८ नंतर थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली आणि त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये. मधल्या काळात डिझेल कितीही हलले तरी तिकीट हलले नाही. एसटीचा तोटा शेवटी सरकार भरते. गोव्यातल्या खासगी बसमालकाला असा आधार नाही. त्याच्यासाठी डिझेल अनुदानाची योजना आहे, पण अनुदान थकल्याची बसमालक संघटनांची तक्रारही तितकीच जुनी आहे. टॅक्सीचे दर अधिसूचनेने ठरतात. विमानतळावर गिऱ्हाईक भरपूर असले तरी काउंटर, ॲप आणि रांगेतल्या इतर गाड्या यांच्यात चढाओढ असते, तेथे एकट्याला भाडे वाढवता येत नाही. खाणीचा ट्रक तर टन-किलोमीटरच्या दराने बांधलेला. डिचोलीत ट्रकमालकांची आंदोलने वारंवार झाली ती या दरासाठी आणि त्यावर मिळायच्या डिझेलच्या फरकासाठी. हा मुद्दा बाहेरच्यांना तांत्रिक वाटला तरी भांडणाचे मूळ तेच होते. २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि १६ मार्चपासून काम थांबले. मग दराचा वादच उरला नाही. आता लिलावातून खाणी पुन्हा सुरू होत आहेत आणि तोच वाद पुन्हा उभा राहत आहे.

सगळ्यांत खालच्या पायरीवर पगारी ड्रायव्हर आहे. डिझेल त्याने विकत घेतलेले नसते, म्हणून त्याला झळ लागत नाही असा समज आहे. पण मालक खेपेला डिझेल मोजून देतो आणि ॲव्हरेज घटले की जाब ड्रायव्हरला विचारतो. घाट, पावसाळ्यातले खड्डे, क्षमतेहून जास्त भरलेला माल, टोलनाक्यावरची रांग यांत त्याचा दोष नसला तरी वजावट त्याच्या भत्त्यातून होते. तंगी आली की आधी क्लीनर जातो, मग भत्ता, मग विश्रांती. रात्री सलग गाडी हाकणाऱ्याला बेजबाबदार म्हणताना हे ध्यानात घ्यायला हवे.

मग यावर उपाय काय? ज्यांच्या हाती वजन आहे त्यांनी तो कधीच शोधून ठेवला आहे. रेल्वेने एप्रिल २०१३ पासून मालभाडे इंधनाच्या खर्चाशी जोडण्याची पद्धत आणली होती. अमेरिकेत सरकारी खाते दर आठवड्याला डिझेलचा सरासरी भाव जाहीर करते आणि मालवाहतुकीचे करार त्यावर इंधन अधिभार लावतात. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गांच्या मोठ्या कंत्राटांत भाववाढीचे कलम असते आणि त्यात इंधनाचा घटक धरलेला असतो. म्हणजे पेडण्यातून जाणाऱ्या महामार्गासारखे काम घेणाऱ्या कंत्राटदाराला डिझेल वाढल्याचा फरक मागता येतो. त्याच कामावर खडी टाकणाऱ्या टिपरवाल्याशी बहुधा तोंडी ठरलेले असते. हे कलम साखळीच्या वरच्या कडीला आहे आणि खालच्या कडीला नाही, सगळा अन्याय एवढ्यातच आहे. कायद्याची अडचण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ नुसार राज्य सरकारला प्रवासी आणि मालवाहनांच्या भाड्याची किमान नि कमाल मर्यादा ठरवता येते. महाराष्ट्रात २०१२ च्या हकीम समितीने रिक्षा-टॅक्सीच्या भाड्यासाठी खर्चावर आधारलेले सूत्रही दिले होते. पुढे ते नियमाने चालले नाही ही गोष्ट वेगळी.

सीएनजी किंवा विजेच्या गाड्या आल्या की हा प्रश्नच संपेल, असेही सांगितले जाते. मुंबईत सीएनजी २०२१ च्या सुरुवातीला किलोला पन्नाशीच्या आत होता आणि २०२२ च्या अखेरीस नव्वदीला टेकला. इंधन बदलले तरी चढ-उताराचा भार कुणी उचलायचा हा प्रश्न तेथेही उरतो. विजेचा दर तुलनेने स्थिर असतो हे मान्य, पण भरलेला टिपर विजेवर चालवणे आज तरी एका ट्रकच्या मालकाच्या आवाक्यातले नाही. त्याचे जुन्या ट्रकचे कर्जच फिटलेले नसते.

राहिला संघटनांसाठीचा अवघड प्रश्न. इंधनाशी बांधलेले भाडे दोन्ही बाजूंनी चालले पाहिजे. डिझेल ५ रुपयांनी उतरले तर खेपेचा दरही त्या प्रमाणात उतरेल. आजवरच्या मागण्यांमध्ये वाढीचा फरक ठळक असतो, उताराचा उल्लेख दबकत येतो. खाणकंपन्या आणि कंत्राटदार नेमके याच जागी बोट ठेवतात. गणित पाहता ट्रकमालकाने हे मान्य करण्यात त्याचे नुकसान नाही, कारण उताराचा फायदा तसाही त्याच्या हाती क्वचितच राहतो, आणि चढीच्या वेळी मिळालेली भरपाई मात्र हप्ता चुकण्यापासून वाचवते. दर कोणत्या पंपाचा धरायचा, किती रुपयांच्या फरकानंतर भाडे बदलायचे, महिन्याने की पंधरवड्याने, हे टेबलावर बसून ठरवता येण्यासारखे आहे. डिचोलीच्या खाणींवरून नव्याने ट्रक सुटू लागले आहेत. पहिल्या करारातच हे कलम आले नाही तर ते पुढच्या आंदोलनापर्यंत येणार नाही.